यूट्यूबच्या पैशावर घर चालवायचं ठरवण्याआधी

मे २०२५ मध्ये मुंबईत माध्यम आणि मनोरंजन क्षेत्राची 'वेव्हज' परिषद भरली होती. तिथे यूट्यूबचे प्रमुख नील मोहन यांनी सांगितलं की, मागच्या तीन वर्षांत कंपनीने भारतातले क्रिएटर, कलाकार आणि माध्यम कंपन्या यांना मिळून २१,००० कोटी रुपयांहून जास्त पैसे दिले. बातम्यांचे मथळे याच आकड्याचे झाले. याच वेळी आणखी दोन आकडे जाहीर झाले होते. वर्षभरात भारतातल्या १० कोटींहून अधिक चॅनलांवर काही ना काही अपलोड झालं, आणि दहा लाखांहून जास्त सब्सक्रायबर असलेली चॅनलं १५,००० च्या वर गेली.

हे तीन आकडे एका कागदावर मांडून पाहा. २१,००० कोटी तीन वर्षांत, म्हणजे वर्षाला साधारण ७,००० कोटी. ते १० कोटी चॅनलांत सारखे वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाचे ७०० रुपये येतात. महिन्याला साठसुद्धा नाहीत. प्रत्यक्षात पैसे सारखे वाटले जात नाहीत. मोठा वाटा संगीत कंपन्या, वृत्तवाहिन्या आणि वरच्या थोड्या चॅनलांकडे जातो, आणि बहुसंख्य चॅनलांना एक रुपयाही मिळत नाही. दहा लाखांचा टप्पा गाठणारं चॅनल साधारण साडेसहा हजारांत एक.

व्हिडिओ करू नका, असं सांगण्यासाठी हा हिशेब मांडलेला नाही. मराठीत शेतीची अवजारं, पाककृती, स्पर्धा परीक्षा, गडकिल्ले यांवर उत्तम काम करणारी माणसं आहेत आणि त्यांना त्याचे पैसे मिळायलाच हवेत. पण पैसे मिळणं वेगळं आणि त्या पैशावर घराचा हप्ता, मुलांची फी, आईवडिलांची औषधं अवलंबून ठेवणं वेगळं. कमाई कमी असणं हा त्यातला खरा धोका नाही. दर, गिऱ्हाईक आणि दुकान यांतलं काहीच आपल्या हातात नसतं, हा खरा धोका आहे.

पैसा येतो कुठून

व्हिडिओ सुरू होण्याआधी किंवा मध्ये जाहिरात दिसते. ती दाखवण्याचे पैसे जाहिरातदार यूट्यूबला देतो. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीचा ५५ टक्के वाटा चॅनलवाल्याला मिळतो आणि ४५ टक्के यूट्यूब ठेवतं. कुठल्या प्रेक्षकाला कुठली जाहिरात आणि काय भावाने दाखवायची, हे त्या क्षणी चालणाऱ्या लिलावात ठरतं. तो आपोआप चालतो, त्यात आपल्याला बोलायला जागा नसते.

दोन शब्द एकदाच समजून घेऊ. हजार जाहिराती दाखवण्यासाठी जाहिरातदार जे मोजतो तो सीपीएम. सगळं कापून, दर हजार व्ह्यूजमागे आपल्या हातात जे पडतं तो आरपीएम. घरखर्चाचं गणित करताना फक्त आरपीएम पाहायचा. सीपीएमचा आकडा मोठा असतो आणि तो पाहून माणूस फसतो. कारण प्रत्येक व्ह्यूला जाहिरात लागतेच असं नाही, आणि लागली तरी ती रक्कम वाटणीआधीची असते.

दूध संकलन केंद्रावर दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला हा व्यवहार लगेच कळेल. दूध आपलं, कष्ट आपले. पण फॅट आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) मोजणारं मशीन डेअरीचं, दराचा तक्ता डेअरीचा आणि दूध नाकारायचा अधिकारही डेअरीचा. फरक एवढाच की गाय शेतकऱ्याच्या गोठ्यात असते आणि दर पटला नाही तर उद्या तो दुसऱ्या डेअरीला दूध घालू शकतो. व्हिडिओच्या धंद्यात प्रेक्षक कंपनीच्या गोठ्यात असतो.

आता आकडे. समजा तुमचा आरपीएम ४० रुपये आहे. (हे फक्त उदाहरण. तुमचा खरा आकडा यूट्यूब स्टुडिओतल्या, म्हणजे चॅनल सांभाळायच्या पानावरल्या, ॲनालिटिक्समध्ये दिसतो.) महिन्याला ३०,००० रुपये हवे असतील तर साडेसात लाख व्ह्यूज लागतील. दर महिन्याला. आठवड्याला दोन व्हिडिओ टाकत असाल आणि प्रत्येकाला वीस हजार व्ह्यूज येत असतील, तर महिन्याचे होतात १ लाख ६० हजार व्ह्यूज आणि ६,४०० रुपये. कॅमेरा, माइक, इंटरनेट, प्रवास, एडिटिंगचे पैसे यांतूनच जायचे.

शॉर्ट्सचं, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंचं, गणित याहून अवघड. तिथे एकेका व्हिडिओवर जाहिरात नसते. शॉर्ट्सच्या मधे दिसणाऱ्या जाहिरातींचे पैसे महिनाभर एकत्र जमा होतात, त्यांतून आधी संगीत कंपन्यांचा वाटा निघतो, उरलेली रक्कम त्या त्या देशातल्या व्ह्यूजच्या प्रमाणात विभागली जाते आणि आपल्या वाट्याच्या ४५ टक्के आपल्याला मिळतात. समजा हजार व्ह्यूजमागे तीन रुपये पडले, तर ३०,००० साठी एक कोटी व्ह्यूज लागतील. आणखी एक बारीक गोष्ट: ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसतं सुरू झालं तरी एक व्ह्यू धरला जातो. पैसे मात्र खरोखर थांबून पाहिलेल्या व्ह्यूजवरच मिळतात. त्यामुळे पडद्यावरचा आकडा फुगलेला दिसतो आणि खात्यात तसं काही दिसत नाही.

दर एका जागी का राहत नाही

जाहिरातदारांचं बजेट सणासुदीला वाढतं. दसरा-दिवाळीपासून डिसेंबरअखेरपर्यंत लिलावात बोली चढते आणि जानेवारीत ती धाडकन खाली येते. तेवढेच व्ह्यूज, तेवढीच मेहनत, पण रक्कम कमी. हे दरवर्षी घडतं, तरी पहिल्या जानेवारीत नवा माणूस घाबरतो आणि 'आपलं काही चुकलं' म्हणून चांगला चाललेला विषयच बदलून टाकतो.

विषयाप्रमाणेही दर बदलतो. गुंतवणूक, विमा, मोबाइल-लॅपटॉप या विषयांना जाहिरातदार जास्त मोजतात, कारण तिथला प्रेक्षक काहीतरी विकत घ्यायच्या बेतात असतो. विनोद, गावाकडचे व्लॉग, भजन-कीर्तन यांना कमी. प्रेक्षक कुठे बसलाय यावरही दर ठरतो. न्यू जर्सीतल्या मराठी घरात पाहिलेला व्हिडिओ लातुरात पाहिलेल्या त्याच व्हिडिओपेक्षा सहसा जास्त पैसे देतो. पण अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर २०२१ पासून तिथला कर कापला जातो. ॲडसेन्समध्ये (गूगलच्या ज्या खात्यातून हे पैसे मिळतात त्यात) कराचा फॉर्म भरून भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितला, तर फक्त अमेरिकेतल्या कमाईवर १५ टक्के कापतात. करार न मागता फॉर्म भरला तर ३० टक्के. फॉर्मच भरला नाही तर जगभरातल्या एकूण कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. दहा मिनिटांचं काम आहे, ते आधी करून टाका.

लहान मुलांसाठी गाणी-गोष्टी करणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफटीसी या नियामक संस्थेने गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलरचा दंड लावला. त्यानंतर जानेवारी २०२० पासून 'मुलांसाठी' अशी खूण असलेल्या व्हिडिओंवर प्रेक्षकाची आवड पाहून लावलेल्या जाहिराती बंद झाल्या, कॉमेंटही बंद झाल्या. जाहिरात लागते, पण स्वस्तातली. दंड झाला अमेरिकेत, पण मराठी बडबडगीतांच्या चॅनललाही तोच नियम लागू झाला.

"हजार सब्सक्रायबर झाले की पैसे सुरू होतात ना?"

पूर्ण सत्य नाही. जाहिरातीचा वाटा मिळण्यासाठी १,००० सब्सक्रायबर लागतात, आणि त्यासोबत मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं गेलेलं असावं लागतं, किंवा मागच्या ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. शॉर्ट्समध्ये सरकवत पाहिलेला वेळ त्या ४,००० तासांत धरत नाहीत. ही अट नेहमी अशीच नव्हती. २०१७ मध्ये चॅनलचे एकूण १०,००० व्ह्यूज पुरत होते. जानेवारी २०१८ मध्ये नवी अट जाहीर झाली आणि २० फेब्रुवारीपासून लागू झाली. त्याखालच्या असंख्य छोट्या चॅनलांची कमाई महिनाभराच्या सूचनेवर थांबली.

अट पूर्ण झाल्यावर अर्ज करायचा. तपासणीला साधारण महिना जातो. अर्ज नाकारला तर २१ दिवसांत दाद मागता येते, किंवा ३० दिवसांनी पुन्हा अर्ज करता येतो. दुसऱ्यांदा नाकारला की पुढची थांबायची मुदत ९० दिवस. मंजुरीनंतर खात्यात १० डॉलर जमले की पत्ता तपासण्यासाठी घरी पोस्टाने पिन येतो. खेड्यात पत्ता अर्धवट लिहिलेला असला तर तो पोहोचतच नाही. म्हणून पोस्टमनला कळेल असा पत्ता, पिनकोडसह, आधारकार्डावर आहे तसाच द्या. १०० डॉलर जमेपर्यंत पैसे बँकेत येत नाहीत. जमले की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान येतात. छोट्या चॅनलला पहिल्या शंभर डॉलरलाच कित्येक महिने लागू शकतात.

आणि हो, मंजुरी नसलेल्या चॅनलवरही जाहिराती दिसू शकतात. तसा हक्क यूट्यूबने भारतासह इतर देशांत जून २०२१ पासून अटींमध्ये घेतला आहे. ते पैसे चॅनलवाल्याला मिळत नाहीत.

याच टप्प्यावर '४,००० तास पूर्ण करून देतो' किंवा 'मॉनेटाइज झालेलं चॅनल विकतो' म्हणणारे भेटतात. हे तास खोट्या मार्गाने बनवलेले असतात. तपासणीत ते वजा होतात, नाहीतर चॅनलच जातं. नातेवाइकांना 'माझ्या जाहिरातीवर क्लिक करा' असं सांगणंही तितकंच घातक आहे. अशा क्लिकचे पैसे परत कापून घेतात आणि ॲडसेन्स खातं बंद होऊ शकतं.

"माझे दोन लाख सब्सक्रायबर आहेत, ते कुठे जाणार?"

ते कुठेही जात नाहीत, पण तुमचा व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोहोचेलच असं नाही. सब्सक्राइब ही परवानगी आहे, पोहोच नाही. होम पेजवर आणि 'पुढे पाहा' मध्ये काय दाखवायचं ते शिफारस यंत्रणा ठरवते. प्रत्येक प्रेक्षकाने याआधी काय पाहिलं, किती वेळ पाहिलं, कुठे सोडलं यावर ती चालते. दोन लाख सब्सक्रायबर असलेल्या चॅनलवर चार हजार व्ह्यूज हे दृश्य अजिबात दुर्मीळ नाही. विषय बदलला, एखादा व्हिडिओ भलत्याच प्रेक्षकांत व्हायरल झाला आणि त्यांनी सब्सक्राइब केलं, की पुढचे व्हिडिओ त्या नव्या लोकांना आवडत नाहीत. ते सरकवून पुढे जातात आणि यंत्रणा दाखवणं कमी करते.

सगळ्यात मोठा धडा २९ जून २०२० चा. त्या संध्याकाळी केंद्र सरकारने ५९ ॲपांवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होतं. महाराष्ट्रातल्या गावागावांत लाखो फॉलोअर असलेली मुलं-मुली होती. त्यांतल्या कुणाचीच काही चूक नव्हती. कारण होतं राष्ट्रीय सुरक्षेचं. पण फॉलोअर ॲपमध्येच राहिले, आणि त्यांच्याशी बोलायचा दुसरा मार्ग ज्यांनी आधी उभा केला नव्हता त्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागली.

यावर उपाय जुना आणि कंटाळवाणा आहे: प्रेक्षकाशी थेट संपर्क. प्रत्येक व्हिडिओखाली स्वतःच्या व्हॉट्सॲप चॅनलची लिंक द्या, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्यांनी परवानगी दिली आहे त्यांचे ईमेल किंवा फोन नंबर आपल्या वहीत, आपल्या संगणकावर ठेवा. व्हॉट्सॲप चॅनलही शेवटी दुसऱ्या कंपनीचंच असतं. पाककृतीच्या चॅनलकडे मसाल्याच्या ऑर्डर दिलेल्या पाचशे गिऱ्हाइकांची यादी असेल, तर ती पन्नास हजार सब्सक्रायबरांपेक्षा जास्त भरवशाची.

चॅनल बंद कसं पडतं

इथे नियम नेमके माहीत असायला हवेत, कारण गोंधळ इथेच जास्त होतो. कॉपीराइटचा क्लेम आणि कॉपीराइटचा स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

क्लेम बहुतेकदा 'कंटेंट आयडी' नावाची यंत्रणा आपोआप लावते. तुमच्या व्हिडिओत कुणाचं नोंदवलेलं गाणं किंवा दृश्य सापडलं की त्या व्हिडिओचे पैसे सहसा मूळ मालकाकडे वळतात. चॅनलला धक्का लागत नाही. मराठी चॅनलांना हा फटका गणपतीत हमखास बसतो. आरती शेकडो वर्षांची असली, तरी मंडळाच्या स्पीकरवर वाजतंय ते रेकॉर्डिंग एखाद्या संगीत कंपनीचं असतं. मिरवणुकीच्या वीस मिनिटांच्या व्लॉगमध्ये मागे चाळीस सेकंद कोळीगीत वाजलं तरी क्लेम येतो. अशा वेळी स्टुडिओच्या एडिटरमध्ये जाऊन तेवढा भाग कापायचा किंवा तेवढ्याच भागातलं गाणं म्यूट करायचं. क्लेम चुकीचा वाटला तर हरकत पाच दिवसांच्या आत घ्या, म्हणजे क्लेमच्या पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला राखून ठेवली जाते. उशीर केला तर हरकत घेतल्या दिवसापासूनचीच राहते. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. व्हिडिओचे बहुतेक व्ह्यूज पहिल्या आठवड्यात येतात, हे लक्षात घेतलं की या पाच दिवसांची किंमत कळते.

स्ट्राइक म्हणजे मालकाने कायदेशीर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावणं. ९० दिवसांत असे तीन झाले की चॅनल बंद होऊ शकतं, आणि त्याच्याशी जोडलेली तुमची इतर चॅनलंही. 'दहा सेकंदांपर्यंत वापरलं तर चालतं' ही निव्वळ अफवा आहे. भारतीय कायद्यात टीका, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी काही सूट आहे, पण ती सेकंदांवर मोजली जात नाही, आणि ती लागू आहे की नाही हे न्यायालय ठरवतं. मे २०२५ मध्ये मोहक मंगल या यूट्यूबरने जाहीर आरोप केला की, काही सेकंदांच्या दृश्यांवरून आलेले स्ट्राइक मागे घेण्यासाठी एएनआय या वृत्तसंस्थेने लाखो रुपयांची मागणी केली. आपण कॉपीराइटचा कायदेशीर हक्कच बजावतो आहोत, अशी एएनआयची भूमिका होती. वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. कोण बरोबर हा प्रश्न बाजूला ठेवला तरी, ज्याचं घर एकाच चॅनलवर चालतं त्याला तिसऱ्या स्ट्राइकच्या भीतीपोटी वाटाघाटीत किती कमी जागा उरते, हे त्यातून सगळ्यांना दिसलं.

कम्युनिटी गाइडलाइनचे, म्हणजे काय दाखवू नये याच्या नियमांचे, स्ट्राइक वेगळे मोजले जातात. आधी ताकीद, मग पहिल्या स्ट्राइकला एक आठवडा अपलोड बंद, दुसऱ्याला दोन आठवडे, ९० दिवसांत तिसरा आला की चॅनल बंद. फार गंभीर प्रकार असेल तर पहिल्याच वेळी बंद.

चॅनल चालू राहून फक्त पैसे बंद होणं हाही प्रकार आहे. १५ जुलै २०२५ पासून यूट्यूबने 'एकाच साच्यातून घाऊक काढलेले' व्हिडिओ कमाईला अपात्र, हा जुना नियम आणखी स्पष्ट शब्दांत मांडला. यंत्राचा आवाज, इंटरनेटवरून घेतलेले फोटो आणि तीच तीच मांडणी अशा प्रेरणादायी विचारांच्या चॅनलांनी सावध व्हावं. एआय वापरायला बंदी नाही. स्वतःची भर नसेल तर अडचण आहे.

आणि चोरी. 'तुमच्याशी कोलॅब करायचं आहे' असा ईमेल येतो, सोबत करारपत्र म्हणून पासवर्ड लावलेली झिप फाइल. ती उघडली की आतला प्रोग्राम ब्राउझरमधली लॉग-इनची खूण चोरतो. चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही, कारण गूगलच्या दृष्टीने तुम्ही आधीच आत असता. पुढच्या तासाभरात चॅनलचं नाव बदलतं आणि क्रिप्टोची जाहिरात सुरू होते. सप्टेंबर २०२४ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या चॅनलवर अशीच क्रिप्टोची जाहिरात झळकली होती. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे नगर जिल्ह्यातल्या सुमन धामणे यांचं 'आपली आजी'. ते ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक झालं होतं, सुदैवाने काही दिवसांत परत मिळालं. चॅनलचं मुख्य खातं ज्या संगणकावर उघडं आहे, तिथे अनोळखी ईमेलमधली फाइल कधीच उघडू नका. एडिटरला पासवर्ड देऊ नका. स्टुडिओच्या सेटिंगमधून 'परवानगी' देता येते आणि काढूनही घेता येते. मूळ व्हिडिओंची प्रत दोन वेगळ्या हार्डडिस्कवर हवी.

"पण ब्रँड थेट पैसे देतात, ते तर जास्त असतात"

खरं आहे. मधल्या आकाराच्या बऱ्याच चॅनलांची मोठी कमाई जाहिरातीच्या वाट्यापेक्षा ब्रँड डीलमधून होते. पण इथे धोका संपत नाही, त्याचं रूप बदलतं.

ऑनलाइन रमी आणि पैसे लावून खेळायची फॅन्टसी क्रिकेटची ॲप कित्येक वर्षं क्रिएटरांना भरपूर पैसे देत होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्या कायद्यात जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. ज्यांचं महिन्याचं उत्पन्न या एकाच प्रकारच्या जाहिरातदारावर होतं, त्यांचं ते आठवड्याभरात थांबलं. शेअर बाजाराच्या चॅनलांचंही तेच. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांना नोंदणी नसलेल्या सल्लागारांशी संबंध ठेवायला मनाई केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की शिकवण्याच्या नावाखाली मागच्या तीन महिन्यांतले शेअरचे भाव वापरता येणार नाहीत.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची जबाबदारी फक्त कंपनीवर नसते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ती जाहिरात करणाऱ्या व्यक्तीलाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तसंच केलं तर ५० लाखांपर्यंत. सांधेदुखी आठ दिवसांत बरी करणारं तेल, महिन्यात वजन उतरवणारी पावडर यांचे पैसे घेताना हा आकडा डोळ्यासमोर असू द्या. पैसे किंवा वस्तू घेतली असेल तर व्हिडिओत स्पष्ट मराठीत 'ही जाहिरात आहे' असं सांगावं लागतं.

उधारी हे आणखी एक दुखणं. एजन्सी म्हणते साठ दिवस, होतात एकशेवीस. निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय शूटिंग करू नका, आणि किती वेळा बदल करून देणार हे ईमेलवर लिहून घ्या. उद्यम पोर्टलवर स्वतःची नोंदणी करा. ती फुकट आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असली की समोरच्याला कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. न दिल्यास सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते.

कर

यूट्यूबचे पैसे हे धंद्याचं उत्पन्न आहे. पगारातून जसा कर आपोआप कापून जातो तसं इथे होत नाही, त्यामुळे मार्चमध्ये धक्का बसतो. वर्षाचा कर १०,००० रुपयांच्या वर जाणार असेल तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या चार हप्त्यांत आगाऊ भरायचा असतो. ब्रँडने दिलेला मोबाइल ठेवून घेतला आणि वर्षभरात अशा वस्तूंची किंमत २०,००० च्या वर गेली, तर १० टक्के टीडीएस लागतो आणि ती किंमत तुमच्या उत्पन्नात धरली जाते. हा नियम १ जुलै २०२२ पासूनचा. एकूण उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. परदेशातून डॉलरमध्ये येणारी रक्कमही या २० लाखांत मोजायची. निर्यात म्हणून तिच्यावर कर भरावा लागत नाही, पण त्यासाठी दरवर्षी एलयूटी नावाचं हमीपत्र भरायला लागतं. यासाठी चांगला सीए गाठा. त्याची फी वाचवण्यात फायदा नाही.

"नोकरीत तरी कुठे हमी आहे?"

नाहीच. कंपन्या बंद पडतात, कंत्राटं संपतात. तरी दोन्हींत फरक आहे. नोकरीत सहसा नोटिशीचा काळ असतो, पीएफ असतो, गटविमा असतो, आणि एक नोकरी गेली तर तेच कौशल्य दुसऱ्या मालकाकडे नेता येतं. चॅनल गेलं तर दाद मागायची ती एका फॉर्ममधून, आणि उत्तर यंत्राचं की माणसाचं हेही कळत नाही. गृहकर्ज मागायला गेलात तर बँक सहसा दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागते आणि त्यांतली कमी-जास्त रक्कम पाहून कर्ज कमी करते. आजारपणात फरक आणखी टोकदार होतो. पगारी रजा नसते, आणि महिनाभर काही टाकलं नाही तर पुढचा महिनाही सहसा थंड जातो.

मग नोकरी सोडायची कधी

मागच्या बारा महिन्यांचे, खर्च वजा जाता हातात आलेले आकडे लिहा. उदाहरणादाखल एक वर्ष घेऊ, आकडे हजारांत: १४, ११, ९, १२, १०, १६, १३, २२, ६१, ३८, १७, ९. सरासरी १९,३०० रुपये. बहुतेक जण हीच सरासरी धरून निर्णय घेतात. पण बारापैकी नऊ महिने कमाई या सरासरीच्या खालीच आहे. एका महिन्यात एक व्हिडिओ चालला आणि त्याने वर्षभराचा आकडा वर ओढला. चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा काढला तर तो १३,५०० येतो. सगळ्यात वाईट तीन महिन्यांची सरासरी ९,३०० च्या आसपास. निर्णय या शेवटच्या आकड्यावर घ्या. वाईट तीन महिन्यांच्या सरासरीत घरखर्च, ईएमआय आणि विम्याचा हप्ता निघत असेल तर राजीनाम्याचा विचार करायला हरकत नाही.

त्यासोबत आणखी दोन गोष्टी तपासा. वर्षभराच्या कमाईतला किती भाग वरच्या दोन व्हिडिओंचा आहे? अर्ध्याहून जास्त असेल तर तुमच्याकडे अजून धंदा उभा राहिलेला नाही, दोन व्हिडिओ चाललेले आहेत. आणि एकूण उत्पन्नातला किती भाग एकाच कंपनीकडून येतो? तो निम्म्याच्या खाली आणायला शिकवणी, स्वतःचं उत्पादन, दुसऱ्यांसाठी एडिटिंग किंवा शूटिंग, कार्यशाळा असे मार्ग आधी उभे करा. चॅनलसाठी शिकलेलं एडिटिंग लग्नाच्या हंगामात भरवशाचे पैसे देतं. त्यात कमीपणा काहीच नाही.

निदान सहा महिन्यांचा, घरात कमावतं माणूस एकच असेल तर वर्षाचा खर्च मुदत ठेवीत बाजूला असू द्या. आरोग्य विमा राजीनाम्याआधी काढा. कंपनीचा गटविमा नोकरीबरोबर जातो, आणि नव्या पॉलिसीत साधारणपणे पहिले तीस दिवस अपघात सोडून इतर आजारांचे दावे मिळत नाहीत. कॅमेऱ्यासाठी कर्ज काढू नका. सुरुवातीला हजार-दीड हजारांचा कॉलर माइक आणि खिडकीचा उजेड पुरतो. वाईट चित्र प्रेक्षक सहन करतो, वाईट आवाज करत नाही.

शक्य असेल तर थेट राजीनामा देऊ नका. बिनपगारी रजा, अर्धवेळ काम किंवा कंत्राटावर तेच काम मिळतं का ते विचारा. ही रजा जानेवारी ते मार्च घ्या, कारण वर्षातला सगळ्यात पडका दर त्याच महिन्यांत असतो आणि त्या दरात घर चालतं का, ते तिथेच कळेल.